सव्वानऊचं ऊन

“बाहेर या शेठ, बाहेर. ट्यूबलाइटखाली रंग झूट बोलतो.”

असं म्हणून चाचा माझ्या काउंटरवरचं शेडकार्ड उचलायचे आणि सरळ रस्त्यावर जायचे. रस्त्यावर म्हणजे अगदी रस्त्यावर. गारखेड्यातला आमचा रस्ता काही शांत नाही. रिक्षा, दूधवाले, शाळेच्या व्हॅन, सगळं एकमेकांच्या अंगावर येत असतं. त्या गर्दीत चाचा कार्ड उन्हात धरायचे, जरा तिरकं करायचे, मान मागे घ्यायचे आणि एक डोळा मिटायचे. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायचा. चाचा त्याच्याकडे न बघताच हाताने ‘थांब’ म्हणून खुणवायचे. आणि तो थांबायचासुद्धा, याचं मला नवल वाटायचं.

माझं रंगाचं दुकान आहे. बावीस वर्षांत गिऱ्हाइकांचे सगळे नमुने बघून झाले, असं मला वाटत होतं. बायको म्हणेल तो रंग घेणारे, शेजाऱ्याने लावलेला रंग मुद्दाम टाळणारे, आणि ‘याच्यात नि याच्यात फरक काय’ असं दोन तास विचारून शेवटी पांढरा नेणारे. तुम्हीही यातल्या कुठल्या तरी प्रकारात बसत असालच. राग मानू नका, मीही बसतो. चाचा मात्र कशातच बसत नव्हते.

पहिल्यांदा आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली सीताफळाची साल घेऊन. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरी खुरटी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. साल काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “हा रंग पायजे. एक लिटर.”

“हिरवा?”

“हिरवा नाय. भेगांत बघा, भेगांत. तिथं काळा पडत चाललाय ना, तो.”

माझ्याकडे रंग मिसळायचं मशीन आहे. कॉम्प्युटरवर नंबर टाकला की आपोआप थेंब पडतात. मी म्हणालो, “चाचा, सीताफळाला नंबर नसतो.”

“मग मशीन काय कामाचं?”

हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. त्या दिवशी मी तीन वेळा रंग मिसळला. तिन्ही वेळा चाचा काडीवर रंग घेऊन रस्त्यावर गेले आणि मान हलवत परत आले. चौथ्यांदा म्हणाले, “काळ्याचा एक थेंब अजून. अर्धा बी चालंल.” आता अर्धा थेंब कसा टाकायचा? पण टाकला, आणि जुळला. साल नमुना म्हणून माझ्याकडेच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी काउंटरवर मुंग्यांची रांग.

पुढची दोन-सव्वादोन वर्षं हे असं चाललं. कधी बाभळीची शेंग यायची, कधी पिंपळाचं कोवळं पान, कधी बाजरीची जळकी भाकरी. एकदा त्यांनी खिशातून काळा दगड काढला आणि दुसऱ्या खिशातून पाण्याची बाटली. दगड वाळला की रंग पळतो, म्हणून दर दोन मिनिटांनी त्यावर पाणी शिंपडायचे. “ओला असतानाचा पायजे,” म्हणाले. माझे नेहमीचे पेंटर लोक बाजूला उभं राहून हसायचे. मी त्यांना डोळे वटारायचो, पण खरं सांगायचं तर चाचा गेल्यावर मीही हसायचो. दर वेळी एकच लिटर. एकेक लिटरचे एवढे रंग कशाला, हे मी बरेच दिवस विचारलंच नाही. दुकानदाराने फार विचारू नये, असं माझे वडील म्हणत.

मग एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

चाचा मूळचे खुलताबादचे. तीस वर्षं वेरूळच्या लेण्यांवर कामाला होते. “मी काय सायब नव्हतो,” म्हणाले, “मी पत्रा धरणारा.” लेण्यांच्या आत अंधार असतो. बाहेर उन्हात एक माणूस चकचकीत पत्रा घेऊन उभा राहतो आणि पत्र्यावरून ऊन आत फेकतो. त्या उजेडात पाहुण्यांना आतलं काम दिसतं. “गाईड म्हणला, हात बघा, की उजेड हातावर. तो म्हणला, डोळे बघा, की उजेड डोळ्यावर. बोलणारा तो, पण दाखवणारा मी.” एका गाईडला घाई फार. तो भराभर सांगून माणसं पुढे पिटाळायचा. चाचांनी एक दिवस उजेड त्याच्या टकलावर आणून ठेवला आणि तिथून हलवलाच नाही. सहलीची पोरं खाली बसून हसत होती. “त्या दिवशी त्यानं सगळं शिस्तीत सांगितलं,” चाचा म्हणाले, आणि तोंडावर हात धरून स्वतःही पोरासारखे हसले.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत चाची गेल्या. मुलगा सौदीत. त्याने इथं आमच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत दीड खोलीचं रो हाउस घेऊन ठेवलं होतं, कधीतरी परत येऊ म्हणून. मग त्याची मुलं तिकडच्या शाळेत रमली आणि परत यायचं मागे पडलं. त्याने ठरवलं, घर विकून टाकू. तोवर अब्बा तिथं राहतील, घराची राखण होईल, शहरात दवाखाना जवळ. चाचा एक खाट आणि एक ट्रंक घेऊन आले. घराच्या फाटकाला ‘विकणे आहे’ अशी पाटी आधीच टांगलेली होती. त्या पाटीचं फाटक उघडून ते पहिल्यांदा आत गेले.

आता तुम्हीच सांगा, विकायला काढलेलं घर कुणी सजवतं का? पण चाचांनी ते मनावर घेतलं. जेवढे दिवस आहे तेवढे दिवस आपलं, असं म्हणाले असते तर मला कळलं असतं. ते तसंही म्हणत नव्हते. फक्त रोज थोडं थोडं काहीतरी करत आणि दुकानात येऊन मला सांगत.

घर दक्षिणमुखी. समोर चार मजली इमारत. दिवसभर आत दिवा लावावा लागे. पण त्या इमारतीच्या आणि तिच्या शेजारच्या इमारतीच्या मध्ये एक फट आहे. सकाळी सव्वानऊला त्या फटीतून ऊन घरापुढच्या चार पावलांच्या जागेत उतरतं आणि पावणेदहाला जातं. अर्धा तास. चाचांनी तिथं पत्रा ठेवला. खाली पडलेलं ऊन पत्र्यावरून वर उडायचं, छज्ज्याखालून खिडकीत शिरायचं आणि खोलीच्या मागच्या भिंतीवर पडायचं. ती भिंत त्यांनी पट्ट्यापट्ट्यांनी रंगवली होती. तळाशी ओल्या दगडाचा पट्टा, त्यावर सीताफळाचा, त्यावर बाभळीच्या शेंगेचा, असं वर वर फिकं होत जाणारं. “लेण्यातला खडक असाच असतो,” म्हणाले. “खाली अंधार, वर उजेड.”

फाटकाला लोखंड नको होतं त्यांना. त्यावर तुराट्या बांधल्या, खुलताबादहून भाच्याने बैलगाडीभर पाठवल्या होत्या त्यातल्या. वाळके दुधी पोखरून छज्ज्याला टांगले. कुणी म्हणे करणी केली, कुणी म्हणे चिमण्यांसाठी. चिमण्यांसाठीच होते, आणि शेजारी ज्वारीची चार कणसंही. पत्र्याच्या डब्यांत झाडं. डब्यांना रंग द्यावा असं मी सुचवलं, दुकानदारच मी. ते म्हणाले, “नको शेठ. गंजू द्या. गंज बी रंगच हाय.” दौलताबादहून आणलेलं अंजिराचं रोप एका मोठ्या कुंडीत होतं. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते तुम्हाला ठाऊकच आहे. चाचांनी नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या जागेपासून कुंडीपर्यंत अर्धा चिरलेला बांबू उतरता बसवला होता. पाच वेळा वजू, पाच वेळा अंजिराला पाणी. एकदा सकाळच्या घंटागाडीवाल्याने त्यांनी गोळा करून ठेवलेल्या वाळक्या फांद्या कचरा समजून उचलल्या. चाचा दोन गल्ल्या गाडीमागे पळाले आणि त्या सोडवून आणल्या. “गाडीतला कचरा बी निम्मा चांगला होता,” असं वर सांगितलं.

हे सगळं मला माहीत आहे ते त्यांच्या तोंडून. मी पाहिलं नव्हतं.

प्रत्येक वेळी जाताना ते म्हणायचे, “या की शेठ एकदा घर बघायला. सव्वानवाला या. पावणेधापर्यंत उजेड राहतो.” आणि मी म्हणायचो, “येतो की!”

या ‘येतो की’चा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला नको. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. बोलावणारा ‘या’ म्हणतो, जाणारा ‘येतो’ म्हणतो, आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात. त्यात खोटं काही नसतं, खरंही नसतं. पण चाचा ते खरं धरायचे. सव्वानऊ ही दुकानदाराची सगळ्यात वाईट वेळ. नऊ ते साडेदहा पेंटर लोक माल न्यायला येतात. तेव्हा गल्ला सोडला तर दिवस गेला. माझं घरही शहराच्या दुसऱ्या टोकाला. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. ‘येतो की’ म्हणणं सोपं होतं. एका शनिवारी तर मी “उद्या नक्की” म्हणून बसलो. रविवारी दुकान बंद. सकाळी उठलो, पोहे खाल्ले, पेपर वाचला, आणि दुपारी जेवताना आठवलं.

सोमवारी चाचा आले. मी लगबगीने काहीतरी कारण सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग हातातला पळसाचा वाळका द्रोण काउंटरवर ठेवत म्हणाले, “ऊन आलं होतं काल. येळेवर आलं होतं.”

एवढंच. त्यात रुसवा नव्हता. मला वाटतं, माझं काही चुकलं असं त्यांना सांगायचंच नव्हतं; फक्त झालेली गोष्ट सांगितली. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “दुकानापासून सात मिनिटांवर तर आहे. एवढं कसं जमत नाही तुम्हाला?” मी म्हणालो, “जाऊ की.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टीव्हीचा आवाज वाढवला.

घर विकलं जात नव्हतं, ही त्यातली एक बरी गोष्ट. एजंट आमच्याच रस्त्यावरचा. तो लोकांना संध्याकाळी, त्यांची कामं सुटल्यावर घर दाखवायला न्यायचा. संध्याकाळी ते घर म्हणजे काळोखाचं डबडं. त्यात दक्षिणमुखी. कुणी फाटकातूनच होकायंत्र काढायचं, कुणी आत येऊन म्हणायचं, ‘दिवसा पण लाइट लागतो का हो?’ चाचा त्यांना पाणी द्यायचे आणि कोपऱ्यात गप्प बसायचे. माणसं गेली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बातमी. “गेले. अल्ला का शुकर. वास्तुशास्त्रानं वाचवलं शेठ.” आम्ही दोघं खूप हसायचो. “तुमच्या त्या समोरच्या बिल्डिंगवाल्याला पेढे द्या,” असं मी म्हणायचो. घर गेलं तर चाचांना परत खुलताबादला जायला लागणार होतं, भाच्याच्या घरी, मागच्या खोलीत. भाचा चांगला होता. पण त्याच्या घराला आधीच रंग दिलेला होता, असं चाचा एकदा बोलले. मी शेडकार्ड पुसत बसलो.

मग गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस एजंट माझ्याकडे आला, खूश होऊन. म्हणाला, “गेलं एकदाचं चाचाचं घर!”

झालं होतं असं. बीडहून बदलून आलेलं एक जोडपं होतं. बाई शाळेत शिकवणाऱ्या, त्यांची शाळा दुपारची. म्हणून एजंटने त्यांना पहिल्यांदाच सकाळी नेलं, नवाच्या सुमारास. “मला वाटलं, हे पण पळणार,” तो सांगत होता. “पण त्या म्हाताऱ्याने काय केलं, सांगू? एकेक गोष्ट दाखवली बाईंना. झाड न् झाड. बांबू दाखवला, भोपळे दाखवले. मग म्हणाला, जरा बसा, पाच मिनिटं. आणि बाहेर जाऊन तो पत्रा असा धरला ना! आतली भिंत अशी पेटली राव. बाई बाहेर आल्या त्या नवऱ्याला म्हणाल्या, आता दुसरं घर बघायचं नाही. दोन वर्षं मी पाय झिजवले, आणि त्याने अर्ध्या तासात विकलं. एजंट तो आहे, मी नाही.”

तो हसत होता. मला हसू येईना.

चाचा त्या आठवड्यात आले तेव्हा मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलोच. “चाचा, काय केलंत हे? एवढं दाखवायचं कशाला? एजंटला सांगायचं, संध्याकाळी आणा म्हणून. तो पत्रा झाकून ठेवायचा होता एक दिवस!”

चाचा स्टुलावर बसले. बसायचे नाहीत कधी, त्या दिवशी बसले.

“बाईनं विचारलं ना शेठ. दारात उभी राहिली अन् विचारलं, हे भोपळे कुणी टांगले. अंजीर कुठून आणलं. भिंत अशी का रंगवली. दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.”

बाहेरून एका पेंटरने हाक मारली, मी त्याला हातानेच थांबवलं.

“अन् ऊन बी आलं तेवढ्यात. पाव्हणे दारात, ऊन दारात. मग मी काय पत्रा झाकून ठिवू? तीस वर्षांत एक माणूस अंधारातून वापस नाय पाठवला मी.”

त्यांनी असं सांगितलं जसं दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. आणि खरंच नव्हतं. ज्याला जागा वाईट दाखवता येत नाही, त्याला विकाऊ घरात राहायला ठेवू नये. पण हे मुलाला कुठून कळणार? आणि ‘कुणी विचारलं नव्हतं’ यातला ‘कुणी’ म्हणजे मी होतो, हे मला त्याच क्षणी कळलं. मी सात मिनिटं चाललो असतो तर घर विकलं गेलंच नसतं, असं मी म्हणत नाही. पण मग ते घर मनापासून पाहणाऱ्या त्या बाईच पहिल्या ठरल्या नसत्या. कदाचित त्यांनी थोडं हात राखून दाखवलं असतं. मी हे पुष्कळ वेळा स्वतःशी घोळवलंय.

जायच्या आदल्या दिवशी ते उरलेल्या रंगांचे डबे पिशवीत घालून घेऊन आले. प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून, कुठला पट्टा कुठल्या डब्याचा ते मराठीत लिहिलेलं. “मॅडमना लागले तर द्या. ओल पकडते ती भिंत खालून.” मग हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला. म्हणालो, “खुलताबादला येतो मी.”

“या की,” म्हणाले.

मी गेलो नाही. हेही तुम्ही ओळखलं असेल.

थंडी पडली. एक दिवस सकाळी नवाला एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, खांद्याला शबनम. त्यांनी नाव सांगायच्या आधी घर सांगितलं, आणि मला काउंटर सोडून उठावंसं वाटलं. मला वाटलं, भिंत पांढरी करायची असेल. पण नाही.

“भिंतीवर उजेड येईना झालाय हो,” त्या म्हणाल्या. “दिवाळीपर्यंत यायचा. मग खिडकीच्या कडेला सरकला, आता तर आतच येत नाही. आम्ही पत्रा सगळीकडे ठेवून पाहिला. चाचा जाताना म्हणाले होते, काही अडलं तर रंगवाल्या शेठना विचारा. ते दर रविवारी यायचे घर बघायला. त्यांना सगळं माहीत आहे.”

चाचा असं का बोलले असतील? मला वाचवायला? की ज्या घरी कुणी येत नाही असं घर नव्या माणसांच्या हाती द्यायचं त्यांना बरं वाटलं नाही? मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “चला.” दोन पेंटर माल घ्यायला उभे होते. त्यांना थांबायला सांगून मी शटर अर्धं ओढलं.

सात नाही, सहाच मिनिटं लागली.

तुराट्यांचं फाटक तसंच होतं. मी ते ढकलत राहिलो. मॅडम मागून म्हणाल्या, “अहो, आत नाही, बाजूला सरकतं ते.” आणि मग जरा थांबून माझ्याकडे पाहिलं. मी फाटक सरकवून आत शिरलो. दुधी होते, कणसं होती, बांबू होता. त्यांनी काहीच काढलं नव्हतं. ऐकलेल्या गोष्टी एकेक करून समोर येत होत्या आणि प्रत्येकीशी माझी नव्याने ओळख करून घ्यावी लागत होती. मी पत्रा उचलला. ऊन आलेलं होतंच. पहिल्यांदा उजेड गेला समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथून एक आजोबा ओरडले. मग गेला छज्ज्यावर, मग माझ्याच डोळ्यांत. मॅडम आत भिंतीपाशी उभ्या राहून सांगत होत्या, “नाही. नाही. अजून नाही.”

शेवटी मी फोन लावला. नंबर माझ्याकडे पहिल्यापासून होता.

“चाचा, मी बोलतोय. रंगवाला.”

“बोला शेठ.” मागे कोंबड्यांचा आवाज.

“तुमच्या घरी आलोय.”

पलीकडून हळूच, “आत्ता?”

“आत्ता. पत्रा हातात आहे. जमत नाहीये.”

“किती वाजले?”

“नऊ पंचवीस.”

“मग येळ हाय. घाबरू नका.” आवाज बदलला त्यांचा. तीस वर्षं पत्रा धरलेला माणूस बोलू लागला. “अंजिराच्या कुंडीपाशी तीन दगड हायत. थंडीत मधल्या दगडावर ठिवायचा. ठिवला? आता तुमच्या अंगाकडची कड उचला. एक बोट. बोटच, हात नाय. हां. आता खिडकीकडं जरा वळवा. सावकाश. सूर्याला घाई नसती.”

आतून मॅडम ओरडल्या, “आला! आला!”

“आला चाचा.”

“मग तुम्ही बाहेर काय करताय? पत्र्याला दगडाचं टेकण द्या अन् आत जा. आत जा शेठ. पत्रा धरणाऱ्याला काय दिसत नसतं.”

मी टेकण दिलं आणि आत गेलो.

त्या भिंतीवरचा प्रत्येक रंग मी विकलेला होता, माझ्या हाताने मिसळलेला. एकही ओळखू आला नाही. खाली तो दगड ओला होता, खरोखर ओला वाटत होता. वर वर जाताना त्यात हळूहळू हिरवं उतरत होतं, मग तांबूस, मग भाकरीच्या पापुद्र्याचा रंग. अंजिराच्या पानांची सावली त्यावर हलत होती. दीड खोलीतली एक खोली, पण मागची भिंत कुठे संपते ते कळत नव्हतं. मी तळाच्या पट्ट्याला बोट लावून पाहिलं, ओलं लागतं का. मी दुकानदार माणूस आहे, मला असं होत नाही.

“कसंय घर?” चाचांनी विचारलं.

“लई भारी आहे, चाचा. मी आधी यायला पाहिजे होतं.”

“आलात ना. झालं मग.” ते खूश झाले होते, फोनमधूनही कळत होतं. “बसा. तिथं खिडकीखाली बसा, तिथून चांगलं दिसतं. चहा घेतल्याबिगर जायचं नाय. मी ठेवतो लगेच, दूध...”

आणि थांबले.

कोंबड्या ओरडत होत्या. कुणीतरी लांबून त्यांना हाक मारली. मी फोन कानाला धरून खिडकीखाली बसून राहिलो.